पापाचा बोजा



वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर बोलावे, विज्ञानावर बोलावे, कापसाच्या भावावर बोलावे. श्रोते पुढे सरकून ऐकतात. 'पाप' हा शब्द उच्चारला की तेच श्रोते खुर्चीत जरा मागे रेलतात. त्यांचा दोष नाही. हा शब्द आजवर बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठीच वापरला गेला. तरीही 'ख्रिस्ती धर्मातील पापमुक्ती' हा विषय आम्ही आनंदाने स्वीकारला, कारण या महाराष्ट्रात एका बाईने त्या कल्पनेची आपल्या आयुष्यावर फार कठोर परीक्षा घेऊन पाहिली. तिच्याकडे येण्यापूर्वी मूळ कल्पना नीट समजून घेऊ.

मराठी ख्रिस्ती मंडळी मुक्तीला 'तारण' म्हणतात. बुडत्याला तारणे हा त्यातला अर्थ उघड आहे. पण आपल्या भाषेत तारणाला दुसराही अर्थ आहे, आणि मिहानसाठी ज्यांची शेते गेली त्या खापरी, शिवणगाव, तेल्हारा भागातील मंडळींना तो आमच्याहून चांगला ठाऊक असेल. शेत तारण ठेवले की सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त बोजा चढतो. नांगर आपला, बैल आपले, घाम आपला. पण जमिनीवर दुसऱ्याचा हक्क. नव्या करारात संत पौलाने पापाचे जे वर्णन केले आहे ते याच जातीचे आहे. पाप म्हणजे चोरी, लबाडी, व्यभिचार अशा सुट्या कृत्यांची यादी, असे आपण समजतो. पौल म्हणतो, ती फळे झाली. पाप ही माणसावर मालकी गाजविणारी सत्ता आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, म्हणजे इ. स. ५७ च्या सुमारास, तो स्वतःची कैफियत मांडतो: जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होऊन जाते. ही कैफियत समजायला ग्रीक यावे लागत नाही. गुढीपाडव्याला सोडलेली दारू हनुमान जयंतीला पुन्हा धरणारा कोणीही गृहस्थ ती समजावून देईल.

पौलाचे वाचक रोमन साम्राज्यातले. त्यांच्यात गुलाम होते, आणि गुलामांचे मालकही होते. किंमत मोजून गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडविणे हा रोजचा व्यवहार. त्यासाठीचा 'अपोलुत्रोसिस' हा शब्द पौलाने उचलला आणि ख्रिस्ताच्या मरणाला लावला. जुन्या मराठी बायबलात याच कल्पनेसाठी 'खंडणी' हा शब्द आला आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात खंडणी कोणी कोणाकडून घेतली हे माहीत असणाऱ्याला तो शब्द थोडा खटकतोच!

येथे एक धोका आहे, आणि तो ख्रिस्ती धर्मपंडितांनाही टाळता आलेला नाही. ऋण, बोजा, खंडणी ही भाषा फार ताणली की देव सावकार होऊन बसतो: वसुली झाल्याशिवाय पावती न देणारा. येशूने स्वतः सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट पाहा. इस्टेटीचा वाटा उडवून, डुकरे राखून, पोरगा घरी परततो. तो वाटेत माफीचे भाषण पाठ करतो. बाप ते पुरतेही ऐकून घेत नाही; आधी धावत जाऊन त्याला मिठी मारतो. हिशोबाची वही त्या घरात कोणी उघडतच नाही. थोरला भाऊ तेवढा ती उघडतो, आणि तोच घराबाहेर उभा राहतो. आमच्या मते ख्रिस्ती पापमुक्तीचा गाभा पौलाच्या कायदेशीर भाषेपेक्षा या गोष्टीत अधिक स्वच्छ दिसतो.

नागपूरचा श्रोता येथे एक प्रश्न विचारील आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे 'मुक्ती' हा पोथीतला शब्द उरलेला नाही. तो प्रश्न असा: माझे ओझे दुसऱ्याने उतरवायचे, ही कसली मुक्ती? बुद्धाने मार्ग दाखविला. चालायचे ज्याचे त्याने. आणि दुसरा, याहून टोकदार प्रश्न: ज्याला पिढ्यानपिढ्या तू अपवित्र आहेस असे ऐकविले, त्याला पुन्हा तू पापी आहेस असे सांगणे हा कुठला न्याय? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो ज्यांना होता, त्यांत पंडिता रमाबाई येतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. पती बिपिनबिहारी मेधवी १८८२ साली वारले. तेवीस-चोवीस वर्षांची विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे वैधव्य म्हणजे स्त्रीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. म्हणजे पाप रमाबाईंना प्रथम भेटले ते न केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेच्या रूपात. १८८७ साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची ही कहाणी त्यांनी जगापुढे ठेवली.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथून त्यांना लंडनजवळ फुलॅम येथे काही दिवस पाठविण्यात आले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी तेथे आश्रयगृह चालविले होते. जिचे नाव काढणेही घरंदाज स्त्रीला पाप वाटावे, त्या बाईची शुश्रूषा या जोगिणी करतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर भरदुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवऱ्यांची बाई. तिच्याकडे येशू पाणी मागतो. आपल्याकडे पाणी कोणी कोणाकडून मागावे याला काय अर्थ आहे, हे सांगायला नको. रमाबाईंना तो लगेच कळला असणार. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

कथा येथे संपली असती तर ती एक धर्मांतराची कथा राहिली असती. पण बाप्तिस्मा झाल्यावरही रमाबाईंचे मठाशी खटके उडत राहिले. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, मुलीचे शिक्षण, प्रत्येक बाबतीत भगिनी जेराल्डीन आज्ञापालन मागत आणि रमाबाई कारण विचारीत. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोकडा पवित्रा होता. पौलाने गलतीकरांना याहून वेगळे सांगितले नव्हते, पण चर्चला स्वतःच्या ग्रंथातले हे वाक्य नेहमीच गैरसोयीचे वाटत आले. १५२० साली ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली, तेव्हाही ते वाटलेच.

त्यानंतरची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानी आले, आपण ख्रिस्ती धर्म पत्करला पण ख्रिस्त आपल्याला गवसलाच नव्हता. धर्म बदलला, नोंद बदलली, प्रार्थना बदलली; मनावरचा बोजा मात्र तसाच होता. धर्मांतर करविणाऱ्यांनी आणि धर्मांतराला भिणाऱ्यांनीही, दोघांनी हे विधान एकदा शांतपणे वाचावे. ज्या बाईने जन्मदत्त धर्म सोडण्याची एवढी किंमत दिली, तीच सांगते की नुसत्या धर्मबदलाने सुटका होत नाही. समाजाने लादलेले खोटे पाप तिने बुद्धीने झुगारले होते. पण त्याच्या खाली स्वतःचे असे काही उरले होते, आणि ते आपल्या सामर्थ्याने उतरेना. ते उतरले ते मिळवून नव्हे, स्वीकारून, असे तिचे म्हणणे. वर विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचे हे तिचे उत्तर. ते सर्वांना पटेल असे नाही. आम्हालाही त्यातला शेवटचा भाग तर्काने सिद्ध करता येणार नाही.

पुढच्या कामात मतभेदाला जागा आहेच. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती वळण पडते या तक्रारीवरून १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, आणि ती तक्रार निराधार होती असे म्हणवत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्यप्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या आपल्या प्रांतात आली, आणि भुकेने व दलालांच्या हाती पडून नाश पावणाऱ्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन गेली. केडगावच्या त्या वसाहतीला तिने नाव दिले 'मुक्ती'. तेथेच टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' उभे राहिले. फुलॅमला पाहिलेली गोष्ट भीमथडीच्या माळावर आली.

नागपूरला आणखी एक धागा जोडलेला आहे. नारायण वामन टिळक नागपुरात राहिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना पापापेक्षा प्रेमाचे बोलणे अधिक आवडे, आणि ते त्यांनी अभंगात बोलून दाखविले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' थाटला. त्यांच्याविषयी सांगायला स्वतंत्र व्याख्यान हवे, आणि ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'शिवाय होणार नाही.

रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. साध्या बाईला वाचता यावे अशा मराठीत. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. ज्यांना दुष्काळाने आणि समाजाने टाकले होते, त्या बायका 'पाप' आणि 'क्षमा' या शब्दांचे खिळे एकेक करून जुळवीत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.