ओंडका ओढणारी साखळी
(ग्रामपंचायत पदाधिकारी, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळ-सुपारीच्या बागांबरोबरच रस्त्याकडेचे जुने वृक्षही उन्मळून पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकणपट्टीला पुन्हा तडाखा दिला. अशा प्रसंगी बाहेरची यंत्रसामग्री येईपर्यंत गावाला थांबून चालत नाही. खोडाचे करवतीने तुकडे पाडले जातात आणि गावातील ट्रॅक्टरने ते ओढून रस्ता मोकळा केला जातो. ट्रॅक्टर कोणाचा आणि डिझेल कोणाचे याची चर्चा होते. साखळी कोणती याची सहसा होत नाही. घरात किंवा भंगाराच्या दुकानात जी सापडेल ती ओंडक्याला गुंडाळली जाते. खरा धोका येथेच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या हत्तींकडून एकेकाळी वनखात्याचे लाकूड ओढण्याचे काम करून घेतले जात असे. ओंडका बुंध्याला अडला की जनावर थांबते, माहुताला ते कळते. ट्रॅक्टरला ही जाण नाही. चालकाने क्लच सोडला की यंत्र आपली सारी ताकद साखळीत ओतते, आणि मग साखळी तुटते, हूक निसटतो किंवा ट्रॅक्टरच पुढून उचलला जातो. म्हणून साखळी निवडताना पहिला प्रश्न ओंडका किती जड हा नसून, ओढणारे यंत्र किती जोर लावू शकते हा आहे.

तरीही ओंडक्याचा अंदाज हवाच. तो शाळेतील मुलालाही काढता येईल इतका सोपा आहे. मध्यभागी घेर मोजावा, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि १२.५७ ने भागावे. दीड मीटर घेराच्या व ६ मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ असे सुमारे १.०७ घनमीटर भरते. ओल्या कठीण लाकडाचे वजन घनमीटरला साधारण एक टन धरल्यास हा ओंडका एक टनाहून थोडा अधिक झाला. सपाट, कोरड्या जमिनीवर तो घसटत नेण्यास त्याच्या वजनाच्या निम्म्याहून काहीसा अधिक जोर पुरतो. परंतु चिखलात रुतलेल्या किंवा फांद्यांचे खुंट जमिनीत घुसलेल्या ओंडक्याला हे गणित लागू पडत नाही. तेथे वजनापेक्षाही अधिक जोर लागतो आणि चालक तो धक्क्याने लावू पाहतो.

सैल साखळी एकदम ताणली गेली तर तिच्यावर पडणारा भार संथ ओढीच्या कित्येक पट होतो. याकरिता व्यवहारात एक साधा ठोकताळा धरावा: साखळीचा सुरक्षित कार्यभार ट्रॅक्टरच्या एकूण वजनाहून कमी नसावा. शेतीतील ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. आता ग्रेड ८० या मिश्रपोलादी साखळीचे आकडे पाहावेत. ८ मिलिमीटर जाडीच्या साखळीचा सुरक्षित कार्यभार २ टन आहे, १० मिलिमीटरचा ३.१५ टन आणि १३ मिलिमीटरचा ५.३ टन. पण ओंडक्याला फास घालून ओढताना कडी वाकड्या ताणात सापडते. म्हणून कार्यभार सुमारे एक पंचमांशाने कमी धरावा लागतो. ८ मिलिमीटरची साखळी अशा रीतीने १.६ टनांवर येते, म्हणजे अपुरी ठरते. १० मिलिमीटरची अडीच टनांवर राहते. तीच घ्यावी. तिचे वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास असल्याने पाच-सहा मीटरची साखळी एक माणूस सहज उचलतो.

ही साखळी प्रत्यक्षात सुरक्षित कार्यभाराच्या चौपट भाराला तुटते, हे काहींना ठाऊक असते आणि तेवढ्यावर ते निर्धास्त होतात. ही चौपट मर्यादा धक्के, झीज आणि माणसाच्या अंदाजातील चूक यांच्यासाठी राखून ठेवलेली आहे. ती जादा ओंडके ओढण्यासाठी नव्हे.

साध्या लोखंडी साखळीची आणि ग्रेड ८० ची जाडी सारखी असली तरी ताकद सारखी नसते. नुसत्या नजरेला फरक कळत नाही. चांगल्या साखळीवर ठरावीक अंतराच्या कड्यांवर ८, ८० किंवा इंग्रजी टी असा ठसा असतो. ठसा नसलेली साखळी कितीही जाडजूड दिसली तरी ओढकामाला वर्ज्य समजावी.

हुकांच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. ग्रॅब हुकाचा गळा अरुंद असतो. त्यात एकच कडी आडवी अडकते आणि तेथेच राहते. साखळी आखूड करण्यासाठी तो ट्रॅक्टरच्या बाजूला वापरावा. स्लिप हुकाचा गळा रुंद असतो, त्यातून साखळी सरकते, म्हणून ओंडक्याच्या बाजूला फास आवळण्यासाठी तो योग्य. अदलाबदल झाली तर फास आवळला जात नाही आणि ओंडका निसटतो. स्लिप हुकाला स्प्रिंगचा खटका असावा. साखळी सैल पडल्यावर ती बाहेर येऊ नये एवढेच खटक्याचे काम. भार त्याच्यावर किंवा हुकाच्या टोकावर कधीही येता कामा नये, तो हुकाच्या पोटातच बसला पाहिजे. हूक साखळीच्याच मापाचा व ग्रेडचा हवा. मिश्रपोलादाचा चांगला हूक तुटण्यापूर्वी उघडू लागतो आणि सूचना देतो. बाजारातील ओतीव हूक ती देईलच असे नाही. साखळीला गाठ मारणे आणि दोन तुकडे नटबोल्टने जोडणे हे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात. दोन्ही बंद झाले पाहिजेत. ग्रेड ८० ची तुटलेली कडी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून घेणेही तसेच. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते.

साखळी ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच लावावी. टॉप लिंकच्या जागी किंवा मागील आसाच्या वर कोठेही ती बांधल्यास ओंडका अडताच पुढची चाके उचलली जातात. ट्रॅक्टर मागे उलटू लागल्यानंतर पाऊण सेकंदातच सावरण्याची वेळ निघून जाते. इतक्या वेळात चालकाचा पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. फास ओंडक्याच्या टोकापासून हातभर आत घालावा, आधी साखळीची ढील हळूहळू काढावी आणि मगच ओढ द्यावी. अडलेला ओंडका पहारीने हलवून घ्यावा. नायलॉनचा दोर वापरू नये. तो ताणला जातो आणि तुटल्यावर चाबकासारखा उलटतो. बघ्यांना, विशेषतः मुलांना, साखळीच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावे. या एका बाबतीत शिक्षकांचा शब्द सरपंचांपेक्षा अधिक चालतो, असा बहुतेक गावांचा अनुभव आहे.

खरेदीच्या वेळी दरपत्रकात नुसते 'लोखंडी साखळी, किलोचा दर' असे लिहिले, तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोकादायक माल नियमानुसारच गावात येतो. मागणीपत्रात ग्रेड, जाडी, लांबी, दोन्ही हुकांचे प्रकार आणि परीक्षण प्रमाणपत्राची अट स्पष्ट नमूद करावी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत साखळीची नोंद घेताना २० कड्यांची लांबी आणि हुकाच्या गळ्याचे माप तेथेच लिहून ठेवावे. १० मिलिमीटरच्या नव्या साखळीच्या २० कड्या साधारण ६० सेंटीमीटर भरतात. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पुन्हा मोजणी करावी. लांबी ६२ सेंटीमीटरच्या पुढे गेली, एखादी कडी झिजून ९ मिलिमीटरवर आली, चिरलेली किंवा पिळलेली दिसली, अथवा हुकाचा गळा शेकडा ५ पेक्षा अधिक उघडला, तर ती वस्तू बाद करावी. बाद साखळी तशीच कोपऱ्यात टाकल्यास पुढच्या वादळात कोणीतरी ती उचलतोच. म्हणून तिचे तुकडे करूनच भंगारात द्यावे आणि नोंदवहीत तसा शेरा मारावा.