शहाण्याने कोर्टाची पायरी केव्हा चढावी?

(उत्तन येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे, आणि ती निराधार नाही. तारखांमागून तारखा, वकिलाची फी, बुडणारा रोज, गावभर होणारी चर्चा हे सारे ज्यांनी भोगले त्यांच्याच तोंडून ती निघालेली आहे. परंतु कोणतीही म्हण कोण कोणाला ऐकवतो, हेही पाहावे लागते. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला ही म्हण ऐकवली जाते तेव्हा तिचा अर्थ बहुधा एकच असतो: मिळेल ते घे आणि गप्प बस.

मोडलेल्या संसाराचा निकाल लावण्याचे आज तीन मार्ग सांगितले जातात. पहिला न्यायालयातील दाव्याचा. दुसरा मध्यस्थीचा, म्हणजे तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने दोघांनी बोलून तोडगा काढण्याचा. तिसरा सहयोगी वकिलीचा. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील स्टुअर्ट वेब या वकिलाने १९९० साली तो सुरू केला. त्यात दोन्ही बाजूंचे वकील आरंभीच असा करार करतात की, हे प्रकरण कोर्टात लढवायचे नाही. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हावयाचे. या तिहींतून निवड कशी करावी, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो दोन माणसांतील बळाच्या वाटणीचा आहे.

उत्तनमधील बहुसंख्य कोळी कुटुंबे कॅथलिक आहेत. त्यांना १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होतो. या कायद्याने शंभराहून अधिक वर्षे स्त्रीला दुय्यम लेखले. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात हा भेद घटनाबाह्य ठरविला. संसदेने २००१ साली कायदा दुरुस्त करून दोघांना समान कारणे दिली, परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद केली आणि दावा चालू असतानाच्या पोटगीवरील, नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाची मर्यादा काढून टाकली. हा बदल कोणाच्या समजुतीच्या गोष्टींनी घडला नाही. स्त्रिया कोर्टात गेल्या म्हणून घडला.

या संदर्भात रखमाबाईंच्या खटल्याचे स्मरण उपयुक्त ठरेल. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईत दावा लावला. बालपणी लावलेले लग्न मान्य करून रखमाबाईंनी नांदावयास यावे, ही त्यांची मागणी. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. पुढे १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या आणि वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. म्हणजे प्रकरण मिटले ते तडजोडीने. परंतु ती तडजोड शक्य झाली, कारण तिच्यापूर्वी चार वर्षे एक स्त्री ठामपणे उभी राहिली होती. लढण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे त्याच्याशीच सन्मानाची तडजोड होते.

आता मध्यस्थीकडे पाहू जाता तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे २००२ पासून अमलात आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादांत मध्यस्थीवर विशेष भर दिला. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. खर्च कमी, चर्चा गुप्त, मुलांच्या मनावरचा ताण हलका आणि अटी आपल्या परिस्थितीप्रमाणे घालता येण्याची सोय, हे लाभ खरे आहेत. पावसाळ्यात सुमारे दोन महिने मासेमारी बंद असते. दरमहा ठराविक रकमेचा हुकूम त्या काळात कागदावरच राहण्याचा संभव असतो. हंगामात अधिक आणि बंदीच्या काळात कमी, असा हप्ता मध्यस्थीत सहज ठरविता येतो.

परंतु मध्यस्थी न्याय्य होण्यास एक पूर्वअट आहे: दोघांपुढे एकच हिशेब असला पाहिजे. मासेमारीच्या धंद्यात तो क्वचितच असतो. बोट सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावे असते. मिळकत पगाराची नसून वाट्याची असते. बोंबील वाळविणारी आणि पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई त्या धंद्याचा निम्मा भार वाहते, पण तिचे नाव कोणत्याच कागदावर नसते. ‘माझी काहीच कमाई नाही’ असे नवऱ्याने म्हटले की मध्यस्थ काय करणार? सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणी दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दिलेच पाहिजे असे सांगितले. म्हणून आधी अंतरिम पोटगीचा अर्ज, मग प्रतिज्ञापत्र, आणि त्यानंतर मध्यस्थी, हा क्रम योग्य होय. दावा दाखल असणे हे मध्यस्थीच्या आड येत नाही. उलट तिला आधार देते.

जेथे मारहाण आहे तेथे तर क्रमाविषयी शंकाच नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा हुकूम प्रथम मिळविला पाहिजे. ज्या माणसासमोर तोंड उघडण्याची भीती वाटते त्याच्याशी समोरासमोर वाटाघाटी करावयास लावणे, याला समेट म्हणता येत नाही.

सहयोगी वकिलीची कल्पना उदात्त आहे. दोघांनाही आपापला सल्लागार आणि हिशेब पूर्ण उघडा, ही तिची दोन तत्त्वे मध्यस्थीनेही उचलावीत अशी आहेत. परंतु भारतात तिला स्वतंत्र कायद्याचा आधार नाही, आणि मोडता आला तर नवा वकील करण्याचा दुसरा खर्च अटळ असतो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो हा खर्च सोसेल; मासळी विकून मुले वाढविणारी बाई तो भिऊन वाटेल त्या अटीवर सही करील. तूर्त हा मार्ग सुस्थितांचा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह शून्य ठरविला म्हणजे कायद्यानेही तो संपला, असे अनेकांना वाटते. मोली जोसेफ यांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे होत नसल्याचा निर्वाळा दिला आहे. चर्चमध्ये पुन्हा लग्न करावयाचे तर चर्चचा निर्णय हवा. कायद्याने मोकळे व्हावयाचे तर न्यायालयाचाच हुकूमनामा हवा. हीच गोष्ट जमातीपुढे लिहिलेल्या सोडचिठ्ठीची. मध्यस्थीत सारे ठरले तरी शेवटचा शिक्का न्यायालयाचाच. त्यातही परस्परसंमतीच्या अर्जासाठी ख्रिस्ती जोडप्याला कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आहे, हिंदू जोडप्याला एकच वर्ष. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ही विषमता अमान्य करून दोनाच्या जागी एक वर्ष वाचावे असे म्हटले. परंतु संसदेने कायद्याचा मजकूर बदललेला नाही. ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

कोर्टाच्या खर्चाचे भय असते, तेही अंशतः अज्ञानामुळे. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट व हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट-फी माफ आहे. उरतो तो बुडणाऱ्या दिवसाचा प्रश्न. उत्तन मुंबईला खेटून असले तरी ठाणे जिल्ह्यात आहे. घटस्फोटाच्या दाव्यासाठी सामान्यतः ठाणे गाठावे लागते आणि एका तारखेपायी बाजाराचा एक दिवस जातो. अशा वेळी सोबत जाणारा, कागद जपून ठेवणारा, मुलांकडे पाहणारा कोणी हवा असतो. कार्यकर्त्याचे काम येथे सुरू होते.

कार्यकर्त्याने पंच होण्याचा मोह टाळावा. दोन्ही घरांत ऊठबस असलेला माणूस तटस्थ राहू शकत नाही, आणि निवडणुकीत ज्या कुटुंबाची मते अधिक त्याच्याकडे त्याचे मन नकळत झुकते. त्याने एवढेच पाहावे की बाई सुरक्षित आहे, तिचा अर्ज दाखल झाला आहे, हिशेब उघडा झाला आहे आणि सही करण्यापूर्वी तिने स्वतःच्या वकिलाला विचारले आहे. त्यानंतर तिने समेट करावा, फारकत घ्यावी की दावा शेवटपर्यंत चालवावा, हा निर्णय सर्वस्वी तिचा. पायरी चढण्याची धमक तिच्यात आहे हे समोरच्याला कळले, तर पुष्कळदा ती सारी चढावी लागतही नाही.