छापलेले चुकते तेव्हा

(मालवण येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाडीत बैठक घेतली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, चेडवाक ही लस देवची काय नको?" लस म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची, एचपीव्हीची. उत्तर देताना आपण म्हणतो, "संशोधनात असे आले आहे." म्हणून हे संशोधन छापले कसे जाते आणि छापलेले चुकीचे निघाले तर काय होते, हे आपल्याला ठाऊक हवे.

संशोधनपत्रिकेकडे लेख आला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात. ते मांडणी तपासतात, पण मूळ नोंदी सहसा पाहत नाहीत. लिहिणारा खरे सांगतो आहे, असे धरून चालतात. त्यामुळे चूकही निसटते आणि लबाडीही. पुढे ती उघडकीस आली तर तीन मार्ग असतात. चूक किरकोळ असेल तर दुरुस्ती छापतात. गंभीर शंका असेल, पण चौकशी पुरी झाली नसेल, तर तसे जाहीर करतात. निष्कर्षच भरवशाचा नसेल तर लेख मागे घेतात. मागे घेतलेला लेख शक्यतो नाहीसा करत नाहीत. तसा शिक्का मारून, कारण लिहून तो ठेवतात.

व्यवहारात मात्र उशीर होतो. 'लॅन्सेट' या पत्रिकेने १९९८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा लेख छापला. तो फक्त बारा मुलांवर आधारलेला होता. तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० साल उजाडले. दरम्यान कितीतरी आईबापांनी लस टाळली होती.

आता आपल्या जवळचे उदाहरण. मुंबईची 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ही पत्रिका १९९३ पासूनची, रुग्णांच्या हक्कांची बाजू घेणारी. मुंबई-उस्मानाबादच्या कॅन्सर तपासणीच्या प्रयोगांत तुलनेसाठी घेतलेल्या बायकांची तपासणीच झाली नाही, ही टीका तिनेच छापली होती. तिच्यात एप्रिल २०१८ च्या अखेरीस एक लेख आला. स्वीडनमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वाढला असून त्याचा एचपीव्ही लसीशी संबंध असू शकेल, असे त्यात म्हटले होते. लेखक म्हणून नाव होते लार्स अँडरसन, संस्था कॅरोलिन्स्का. संस्थेने कळवले, असा माणूस आमच्याकडे नाही. नावही खोटे निघाले. लेखकाला खरे नाव सांगायची भीती वाटते, असे सांगून संपादकांनी संस्थेचा उल्लेख काढला, पण लेख ठेवला. त्यावर टीका झाली आणि मे महिन्यातच लेख मागे घेतला गेला. आजारी पडलेल्यांपैकी कोणी लस घेतली होती, याची माहितीच त्या लेखात नव्हती.

असा लेख आपल्याला चटकन पटतो, आणि त्याला कारण आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हीच लस मुलींना टोचली गेली. कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या केल्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनेही ताशेरे ओढले. संमतीची ती तक्रार रास्त होती, आजही आहे. पण आपली तक्रार रास्त आहे म्हणून आपल्या बाजूचा खोटा लेख खरा होत नाही. उलट तो हाती घेतला तर खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही.

त्याच स्वीडनमधला, सोळा लाखांहून अधिक मुली-बायकांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत या कॅन्सरचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. आईने विचारले तर हेही सांगायला हवे. लस घेतली तरी पुढे तपासणी लागते, आणि आई व मुलगी दोघींना नीट समजल्याशिवाय सुई टोचायची नाही, हेही.

बाजारात मासा घेताना आपण कल्ला उघडून बघतो. लेखाचेही तसेच करावे. लिहिणारा कोण, संस्था खरी का, किती बायकांवर अभ्यास झाला, पैसा कोणाचा, लेख मागे तर घेतलेला नाही ना? मागे घेतलेल्या लेखांची यादी 'रिट्रॅक्शन वॉच' ठेवते, ती फुकट पाहता येते. आपल्या पत्रकावर तारीख आणि आधार छापू या. आधार मागे घेतला गेला, तर जिथे पत्रक वाटले त्याच बैठकीत जाऊन तसे सांगू या. पत्रिकेची सूचना वाडीपर्यंत येत नाही. ती आपल्यालाच न्यावी लागेल.