अहवालाची वाट पाहताना



आमच्या घरी सध्या एका कागदाची वाट पाहणे चालू आहे. मिस्टरांच्या रक्तातील पीएसए वाढलेले निघाले, म्हणून प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने 12 बारीक तुकडे काढून तपासणीस दिले. अहवाल सोमवारी मिळावयाचा आहे.

पहिले दोन दिवस आम्ही उभयतांनी भीती एकमेकांपासून लपविली. वह्या तपासताना एकाच वहीवर दोनदा गुण पडले! तिसऱ्या रात्री दोघांनीही झोप येत नसल्याचे कबूल केले, आणि निम्मे ओझे उतरले. तेव्हापासून नेम केला आहे : मगरिबच्या नमाजानंतर अर्धा तास मोकळे बोलावयाचे, डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहावयाचे, मग वही बंद.

पीएसए ग्रंथीच्या साध्या वाढीने वा जंतुसंसर्गानेही चढते. कर्करोग निघालाच, तरी काही मंद प्रकारांत नियमित तपासणी ठेवून थांबता येते. मात्र तुकडा काढल्यावर थंडीताप आला किंवा लघवी अडली, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. तेथे सबुरी नको.

सोमवारी काय निघेल ते अल्ला जाणे. कागद मात्र आम्ही दोघे मिळून वाचू. आपल्यापैकी कोणी अशी वाट पाहत असेल, तर एकट्याने पाहू नये, एवढीच विनंती.