मिस्त्रीच्या मुलाची पदवी

'इंजिनिअर' हा शब्द आपल्या गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून 'मिस्त्री' हा शब्द रुळलेला आहे. तोही मूळचा आपला नाही. पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून तो आला. मेस्त्रे म्हणजे उस्ताद. बंद पडलेल्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगणारा, तो मिस्त्री. या उस्तादाच्या मुलाला आज मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आहे. त्यात वावगं काहीच नाही. बाप मात्र दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारतो, "चाचा, खर्च किती येईल?"

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला सायकलची उतरलेली चेन बसवण्यापलीकडे काही कळत नाही. पण मराठीत अर्ज नीट लिहून देतो म्हणून मोहल्ल्यातले लोक कागदपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. ते अर्ज भरता भरता जे समजलं, तेच आज सांगणार आहे.

पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. कराड आणि तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, इथली शासकीय महाविद्यालयं १९६० मध्ये सुरू झाली. फी कमी होती, पण जागाही मोजक्या होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा भराभर वाढल्या. सोबत देणगीही आली. ती रोखायला १९८७ साली कायदा झाला. पुढे २०१५ च्या कायद्याने खासगी महाविद्यालयांची फी ठरवून देणारं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. आज कोणत्या महाविद्यालयाची किती फी मंजूर आहे, हे कुणालाही पाहता येतं. त्याहून जास्त कुणी मागत असेल, तर पावती मागावी. तिथेच बोलणं संपतं.

पण फीचा आकडा म्हणजे सगळा खर्च नव्हे. मूल बाहेरगावी राहिलं, तर खोली आणि मेसचे महिन्याला सात हजार धरा. वर्षातले दहा महिने म्हणजे सत्तर हजार. चार वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार झाले, आणि यात फीचा एक रुपयाही नाही. म्हणून स्वस्त पदवी शोधताना पहिला प्रश्न हा, की घरून डबा घेऊन जाता येईल असं महाविद्यालय कोणतं?

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडे पदवीला जायचे दोन रस्ते आहेत. एक सगळ्यांच्या तोंडी असलेला : अकरावी, बारावी, सीईटी आणि मग चार वर्षं. दुसरा दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा : तीन वर्षं डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षं. हिशेब करून बघा. दोन अधिक चार सहा, तीन अधिक तीनही सहाच. वर्ष एकही वाया जात नाही. उलट बारावीच्या क्लासची फी वाचते, सीईटी लागत नाही आणि पदवीची फी चारऐवजी तीनच वर्षं भरावी लागते. शासकीय तंत्रनिकेतनाची फी वर्षाला काही हजारांत भागते, आणि ती आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आयटीआय केलेल्या मुलालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

याहून मोठा फायदा वेगळाच आहे. घरावर संकट आलं, बाप आजारी पडला, दुकान बसलं, तर चार वर्षांची पदवी अर्ध्यावर सुटते आणि ती हातात येत नाही. डिप्लोमावाल्याच्या हातात निदान एक पूर्ण झालेलं प्रमाणपत्र असतं. तो कारखान्यात लागू शकतो, घर सावरू शकतो. एक मात्र खरं, की डिप्लोमाच्या मुलांना पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित जड जातं. ती तयारी मधल्या सुट्टीतच केली पाहिजे.

आता सवलतींकडे येऊ. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यातल्या खुल्या आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलांना शिकवणी आणि परीक्षा शुल्कात पन्नास टक्के सवलत मिळते. मुलींसाठी २०२४ च्या निर्णयाने ती शंभर टक्के झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा अशा असतात, की तिथे गुणवत्तेवर शिकवणी शुल्क पूर्ण माफ होतं. मात्र विकास शुल्क, वसतिगृह, पुस्तकं यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

आणि एक अट कायम लक्षात ठेवा. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, म्हणजे शासनाच्या यादीतून मिळालेल्या जागेलाच लागू आहे. आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने मुलाची जागा जाईल या भीतीने एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. बायकोच्या बांगड्या त्यात गेल्या. तीच शाखा त्या मुलाला दुसऱ्या फेरीत मिळण्यासारखी होती आणि निम्मी फी माफ झाली असती. हे त्यांना दिवाळीत कळलं. गरीब माणूस अनेकदा पैशाअभावी नाही, तर माहितीअभावी जास्त पैसे भरतो.

त्यात आज एक अनुकूल गोष्टही आहे. सगळ्यांचा ओढा कम्प्युटरकडे आहे. त्यामुळे ज्या गुणांवर चांगल्या महाविद्यालयात कम्प्युटर मिळत नाही, त्याच गुणांवर मेकॅनिकल बऱ्याचदा मिळून जातं. ज्याला यंत्राची खरी आवड आहे, त्याने गर्दी नसलेल्या या दारातून खुशाल आत जावं.

खरी अडचण येते ती कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती इतर मागासवर्गात येतात. पण वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, आणि पाहिलं असेल तर दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतंच 'मुसलमान' असतं. मग चुलत आजोबांचा दाखला, जुनं खरेदीखत, गावचा जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा असं शोधत फिरावं लागतं. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. मूल दहावीत गेलं की त्याच वर्षी ते सुरू करायला हवं.

स्वस्ताच्या नावाखाली गळाला लावणारेही असतात. 'घरबसल्या इंजिनिअर व्हा' अशी पाटी दिसली की सावध व्हा. पत्राद्वारे मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात कठोर भूमिका घेतली आणि नोकरीत असलेल्या अनेकांच्या पदव्या धोक्यात आल्या. पूर्वी नोकरी सांभाळून 'एएमआयई' करणारे कष्टाळू लोक होते. तिची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच राहिली. नोकरदारांसाठी २०२३ पासून सोयीच्या वेळेचे वर्ग काही मान्यताप्राप्त महाविद्यालयांत सुरू झाले आहेत. चौकशी तिथे करावी, आणि मान्यता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

प्रवेशाच्या दिवसांत शासनाची सुविधा केंद्रं असतात. तिथे कागद तपासतात, शंका विचारता येतात. एजंटाच्या दुकानात बसण्याआधी तिथल्या बाकावर एक सकाळ घालवा. आणि तुमच्या गल्लीत कुणा मिस्त्रीचं, फिटरचं, गॅरेजवाल्याचं मूल दहावीत असेल, तर त्याच्या घरी आजच जा. अभिनंदनाचे पेढे निकालानंतर खाऊ. आज फक्त एवढंच विचारा, की उत्पन्नाचा दाखला काढला का, आणि आजोबांचा शाळेचा दाखला कुठे आहे?