बॅटरी जाते कुठे? आधी हिशोब, मग खर्च

आज आपण बोलणार आहोत मोबाईलच्या बॅटरीबद्दल. सकाळी शंभर टक्के भरलेला फोन दुपारी रानातून घरी येईपर्यंत पंधरावर येतो, ही तक्रार आम्हा समन्वयकांना आता जवळजवळ प्रत्येक मासिक बैठकीत ऐकू येते.

विषय वाटतो तेवढा लहान नाही. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, पापड-शेवयांची ऑर्डर फोनवर येते, गटाच्या नोंदी फोनवर होतात. रात्री-अपरात्री घरात कुणाच्या पोटात दुखायला लागलं, तर 108 ला फोन लावायचा असतो. त्या वेळी फोन बंद आणि गावात लाईटही नाही, म्हणजे हातात असून नसल्यासारखंच. आणि दुकानात गेलं की पहिलं उत्तर मिळतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." त्यात दोन-तीन दिवसांची मजुरी जाते.

आमचं सांगणं एवढंच, की बॅटरी बदलण्याआधी ती कुठे खर्च होते ते बघा. गटाचे पैसे कमी पडले तर आपण आधी वही उघडतो ना? फोनमध्येही अशी वही असते. सेटिंग्ज उघडा, त्यात बॅटरी, आणि त्यात 'बॅटरी युसेज' किंवा 'बॅटरीचा वापर'. फोनच्या कंपनीप्रमाणे नावात थोडा फरक असेल. तिथे कोणत्या अ‍ॅपने किती टक्के बॅटरी खाल्ली, याची यादी दिसते. यादीतली वरची तीन-चार नावं वाचा. ज्या अ‍ॅपला आपण दिवसभर हातही लावला नाही ते वर दिसलं, तर चोर तिथेच सापडला असं समजा.

आमच्या एका गटाच्या सचिवताईंना दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितलं होतं. बैठकीत सगळ्या बायकांसमोर ही यादी उघडली. सगळ्यात वर होतं 'बॅटरी वाचवणारं' म्हणून जाहिरातीतून घेतलेलं एक अ‍ॅप, आणि त्याखाली मुलाचा गेम. पहिलं काढून टाकलं, दुसऱ्याचं बॅकग्राउंडला चालणं बंद केलं. तोच फोन, तीच बॅटरी, आता संध्याकाळपर्यंत पुरते. बॅटरी वाचवायला, फोन साफ करायला, वेग वाढवायला म्हणून मिळणारी अ‍ॅप घेऊच नका. ती स्वतःच दिवसभर चालू राहतात आणि जाहिराती दाखवतात. फोनमध्ये मुळातच 'बॅटरी सेव्हर' असतो, तो पुरेसा आहे.

एखादं अ‍ॅप ठेवायचं आहे पण ते फार खातंय, तर यादीत त्याच्या नावावर दाबा आणि त्याचा बॅकग्राउंड वापर बंद करा. मात्र व्हॉट्सअ‍ॅपचं आणि बँकेच्या अ‍ॅपचं असं करू नका, नाहीतर निरोप उशिरा येतील.

आता नेहमीची खर्चाची ठिकाणं बघू.

पहिलं, स्क्रीन. बऱ्याच फोनमध्ये सगळ्यात जास्त बॅटरी उजेडच खातो. घरात असताना ब्राइटनेस कमी ठेवा. स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ तीस सेकंदांवर आणा. काळी स्क्रीन ठेवली की बॅटरी वाचते असं म्हणतात, पण ते अ‍ॅमोलेड स्क्रीनच्या फोनमध्ये खरं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनची स्क्रीन एलसीडी असते, तिथे फारसा फरक पडत नाही.

दुसरं, रेंज. हे वाडी-वस्तीवरच्या बायकांनी नीट ऐका. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो, आणि रेंज गेली की सारखा टॉवर शोधत राहतो. म्हणून डोंगराकडेच्या रानात फोन नुसता पिशवीत पडून असला तरी बॅटरी उतरते. जिथे अजिबात रेंज नाही तिथे एअरप्लेन मोड लावा. तसाही फोन येणार नसतोच. रेंजमध्ये आल्यावर तो काढायला मात्र विसरू नका. गावात 5जी नीट मिळत नसेल, तर सिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 4जीवर ठेवा.

तिसरं, डेटा. आपण सगळ्याजणी दहा-बारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आहोत. प्रत्येक 'शुभ सकाळ'चा फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरत असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' इथे जाऊन आपोआप डाउनलोड बंद करा. जे पाहायचं त्यावर दाबलं की ते उतरेल. लोकेशन, ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट लागतील तेव्हाच चालू ठेवा. आणि उघडलेली अ‍ॅप सारखी सारखी बोटाने सरकवून बंद करण्यात काही फायदा नाही. ती पुन्हा उघडायलाच जास्त ताकद लागते.

एवढं करूनही शंका राहिली, तर रात्रीची परीक्षा घ्या. झोपताना डेटा, लोकेशन, हॉटस्पॉट बंद करा, टक्के कागदावर लिहा आणि चार्जर काढून ठेवा. सकाळी पुन्हा बघा. पाच-सात टक्केच उतरले असतील तर बॅटरी बहुधा ठीक आहे, खर्च दिवसाच्या वापरात आहे. रेंज चांगली असून, काहीच चालू नसून वीस-तीस टक्के गेले, किंवा फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी थकली असण्याची शक्यता जास्त. सगळे नळ बंद असून टाकी रिकामी होते, म्हणजे टाकीच गळते, तसंच हे.

बॅटरी थकतेही. या लिथियमच्या बॅटऱ्या असतात. साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांची साठवण पहिल्यापेक्षा बरीच कमी होते. उष्णतेने त्या लवकर खराब होतात. म्हणून फोन चुलीजवळ, पत्र्याच्या कडेला, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. चार्जिंगला लावून मुलांच्या हातात गेम देऊ नका. दरवेळी शून्यावर येऊ देण्याची गरज नाही. वीसच्या आसपास लावा, ऐंशी-नव्वदला काढलं तरी चालतं. लाईटचा भरवसा नसेल त्या दिवशी मात्र खुशाल शंभर करा.

बॅटरी फुगली असेल, फोनचं मागचं झाकण वर आलं असेल, तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. दाबू नका, टोचू नका, तशीच वापरू नका. ती पेट घेऊ शकते. दुरुस्तीच्या अधिकृत केंद्रात न्या. नवीन घेताना बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, आणि बिल मागा. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका, केंद्रातच परत द्या.

शेवटी एक घरातली गोष्ट. पुष्कळ घरांत फोन बाईच्या नावावर असतो, रिचार्जही तिच्या पैशांतून होतो. पण दिवसभर तो मुलांकडे, संध्याकाळी मालकांकडे, आणि तिच्या हातात येतो तेव्हा पाच टक्के उरलेले असतात. मग ओटीपी चुकला की बोलणी तिलाच. यावर कुठलंही सेटिंग नाही. घरात सगळ्यांसमोर ठरवावं लागतं: फोन तीस टक्क्यांच्या खाली आला की व्हिडिओ आणि गेम बंद, आणि बैठकीच्या व बँकेच्या दिवशी फोन आईकडे. भांडायची गरज नाही. बॅटरीची यादी उघडून दाखवा, कुठे काय गेलं ते तीच सांगते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या फोनची यादी उघडायची, वरची तीन नावं वाचायची. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवायची. ज्या बाईला घरखर्चातला रुपया कुठे गेला ते सांगता येतं, तिला बॅटरीचा टक्का कुठे गेला हेही नक्की सांगता येईल.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.