जिंकलेले पांगले, हरलेले टिकले

आजचा विषय जरा लांबचा आहे: अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. "आपल्याला काय करायचंय त्याचं" म्हणून लगेच पुढचा एपिसोड लावू नका. दहा मिनिटं द्या. गोष्ट बास्केटबॉलपासून सुरू होते आणि नोकरीवर येऊन थांबते.

मला हा नाद लागला नाइट शिफ्टमुळे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, क्लायंट अमेरिकेतला. मार्च आला की तिकडच्या टीमचं निम्मं लक्ष मॅचमध्ये असतं. कोण कोणाला हरवणार याचा एक तक्ता भरायचा असतो, त्याला ब्रॅकेट म्हणतात. २०२३ ला त्यांनी मलाही भरायला लावला. मला ओ की ठो कळत नव्हतं. मग मी सगळ्यात उंच प्लेयर शोधला. झॅक ईडी, ७ फूट ४ इंच, टीम पर्ड्यू. केलं पर्ड्यूला चॅम्पियन आणि झालो मोकळा.

आता फॉरमॅट दोन मिनिटांत सांगतो. या स्पर्धेला 'मार्च मॅडनेस' म्हणतात. ६८ टीम, चार गट, प्रत्येक गटात १ ते १६ असं मानांकन. एक मॅच हरलात की घरी. पहिल्या फेरीत १ नंबरची टीम १६ नंबरशी खेळते, म्हणजे जवळजवळ बायच. १९८५ पासून २०१७ पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत एकदाही १६ नंबरची टीम जिंकली नव्हती. १६ मार्च २०१८ ला पहिल्यांदा ते घडलं. मेरीलँडमधल्या यूएमबीसी नावाच्या कॉलेजने व्हर्जिनियाला हरवलं, तेही ७४-५४ असं. वीस पॉइंटने!

आणि दुसऱ्यांदा घडलं ते माझ्या शिफ्टमध्ये. १८ मार्च २०२३ ची पहाट, आपल्याकडची. पर्ड्यूसमोर होती फेअरली डिकिन्सन, न्यू जर्सीतलं छोटं कॉलेज. उंचीच्या हिशेबात त्या वर्षी देशातली सगळ्यात बुटकी टीम. आधीच्या सीझनमध्ये त्यांनी फक्त चार मॅच जिंकल्या होत्या. मग टोबिन अँडरसन नावाचे नवे कोच आले. ते डिव्हिजन टूमधून, म्हणजे खालच्या स्तरावरून आले होते आणि येताना आपले तीन प्लेयर घेऊन आले होते. मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये ते पोरांना म्हणाले की पर्ड्यूला जितकं बघतोय तितकं वाटतंय, आपण यांना हरवू शकतो. हे कॅमेऱ्यात आलं आणि लोक हसले. आणि मग ६३-५८. ईडीच्या आजूबाजूला ही बुटकी पोरं अशी भिरभिरत होती की त्याच्यापर्यंत बॉलच नीट पोहोचेना. माझा ब्रॅकेट पहिल्याच फेरीत गेला, पण झोप उडाली ती कायमची.

आता खरा मुद्दा. त्या मॅचनंतर काय झालं?

फेअरली डिकिन्सन पुढच्याच फेरीत हरली. आणि काही दिवसांतच अँडरसन आयोना नावाच्या मोठ्या प्रोग्रॅमला कोच म्हणून गेले. फेअरली डिकिन्सनमध्ये ते राहिले एक सीझन. आयोनाने त्यांना दोन सीझन ठेवलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये काढून टाकलं. त्या एका रात्रीने त्यांना नवी नोकरी मिळवून दिली, पण ती टिकवायला ती रात्र पुरली नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचं, २०२२ चं उदाहरण घ्या. सेंट पीटर्स. हे कॉलेज जर्सी सिटीत आहे. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, मावसबहीण तिकडे आयटीत असेल तर त्यांना न्यूअर्क अव्हेन्यूवरची भारतीय दुकानं नक्की माहिती असतील, तेच शहर. सेंट पीटर्सला १५ वं मानांकन होतं. त्यांनी केंटकीला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ ने हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला (हो, परत पर्ड्यूच!) आणि शेवटच्या आठात गेले. १५ नंबरची टीम तिथपर्यंत याआधी कधीच गेली नव्हती. नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना थांबवलं. त्यानंतर कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. तिथे ते स्वतः शिकले आणि खेळले होते, म्हणजे घरीच गेले. पाठोपाठ मुख्य प्लेयर निघाले, एक इकडे, दोन तिकडे. ज्या टीमसाठी अख्खा देश ओरडत होता, ती दोन महिन्यांत संपली.

हे इतकं पटकन कसं होतं? दोन नियम बदलले. पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आपल्याकडे काही कंपन्या बॉन्ड लिहून घेतात ना, तसंच काहीतरी. २०२१ मध्ये ते एकदा बदलण्यापुरतं माफ झालं आणि २०२४ पासून दरवर्षी बदललं तरी चालतं. आपलं नाव 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये टाकायचं, की दुसरी कॉलेजं फोन करायला मोकळी. दुसरं म्हणजे १ जुलै २०२१ पासून प्लेयरना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमवता येतात. आणि २०२५ मध्ये कोर्टातली एक तडजोड मंजूर झाली, तेव्हापासून कॉलेज स्वतःच प्लेयरना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून दर कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

मी याच्या विरोधात नाही हं. पोरं घाम गाळत होती आणि टीव्हीचे पैसे भलतेच लोक नेत होते. त्यांना मिळायलाच हवेत. पण कोचची नोकरी यामुळे पार बदलली.

२००६ मध्ये जॉर्ज मेसन नावाचं, बास्केटबॉलमध्ये छोटं मानलं जाणारं कॉलेज शेवटच्या चारात गेलं होतं. कोच होते जिम लॅरानागा. त्यानंतर ते आणखी पाच वर्षं तिथेच राहिले. बटलरचे ब्रॅड स्टीव्हन्स २०१० आणि २०११ अशा लागोपाठ दोन फायनल खेळले, तरी २०१३ पर्यंत थांबले. तेव्हा छोट्या जागी थांबण्यात अर्थ होता, कारण घडवलेली पोरं पुढच्या वर्षीही तुमचीच असायची. आता तुम्ही घडवायचं आणि एप्रिलमध्ये मोठ्या कॉलेजने उचलून न्यायचं. मग कोचही म्हणतो, मी तरी कशाला थांबू?

हेच लॅरानागा पुढे मायामीत गेले आणि २०२३ ला पुन्हा शेवटच्या चारात पोहोचले. तेवढं यश मिळूनही नंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये आठ प्लेयर जायचं म्हणाले, असं त्यांनी स्वतः सांगितलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, सीझनच्या मध्येच, त्यांनी पद सोडलं.

म्हणजे मोठ्या खुर्चीचंही आकर्षण पूर्वीसारखं राहिलेलं नाही. केंटकीचंच बघा. आठ वेळा चॅम्पियन. हे पद म्हणजे या धंद्यातलं शिखर मानलं जायचं. २०२४ मध्ये १४ नंबरच्या ओकलंडने त्यांना ८०-७६ ने हरवलं. जॅक गोल्की नावाच्या पोराने एकट्याने दहा थ्री-पॉइंटर टाकले. काही दिवसांत केंटकीचे कोच जॉन कॅलिपारी स्वतःहून आर्कान्सॉला निघून गेले. मग केंटकीशी नाव जोडलं गेलं बेलरच्या स्कॉट ड्र्यू यांचं, पण ते जाहीरपणे म्हणाले की मी इथेच बरा आहे. शेवटी केंटकीने आपलाच जुना कॅप्टन मार्क पोप याला आणलं. आणि ज्यांनी हा भूकंप घडवला ते ओकलंडचे ग्रेग कॅम्पी? ते १९८४ पासून त्याच कॉलेजात आहेत. जिंकल्यावरही तिथेच राहिले.

आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. व्हर्जिनिया आठवते ना, वीस पॉइंटने हरलेली? कोच टोनी बेनेट. जगभर टिंगल झाली. पण त्यांना कोणी काढलं नाही, महत्त्वाचे बरेच प्लेयरही राहिले, आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तीच टीम चॅम्पियन झाली. पर्ड्यूचंही तसंच. कोच मॅट पेंटर राहिले, ईडी परत आला आणि २०२४ ला ते फायनलला पोहोचले. बघा हं, दोन्ही वेळा ज्यांची लाज गेली ती टीम एकत्र राहिल्यामुळे वर आली.

पण याच बेनेटनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, सीझन सुरू व्हायला काही आठवडे असताना निवृत्ती घेतली. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा होता की या नव्या व्यवस्थेत हे काम करायला मी योग्य माणूस नाही. आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी कोण आलं? रायन ओडम. २०१८ ला व्हर्जिनियाला हरवणाऱ्या यूएमबीसीचे कोच! मधल्या काळात ते युटा स्टेट आणि व्हीसीयू करून आले. त्यांचे वडील कधीकाळी व्हर्जिनियात असिस्टंट कोच होते आणि रायन लहानपणी तिथे बॉल बॉय होता. पिक्चरमध्ये दाखवलं तर म्हणाल, काहीही दाखवतात.

आता मी हे सगळं का सांगतोय? आमची सहा जणांची टीम होती. मोठ्या टीमला दोनदा न जमलेलं मायग्रेशन आम्ही एका वीकेंडला पार पाडलं. सोमवारी सगळीकडून शाबासकी. तीन महिन्यांत सहापैकी चार जण गेले, त्यात आमचा लीडही. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो जाताना दोघांना घेऊन गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता. निरोपाच्या पार्टीला मी तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही.

गेल्या आठवड्यात मला लीड व्हायचं विचारलं. चार वर्षं ज्याची वाट बघितली तेच पद. मॅनेजर म्हणाले, पहिलं काम तीन जण घ्यायचे, दुसरं काम आहेत त्यातले दोन जाऊ द्यायचे नाहीत. मला वाटत होतं लीड म्हणजे ज्युनियर पोरांसोबत बसून कोड रिव्ह्यू करायचा, शिकवायचं. बेनेटलाही तेच आवडायचं बहुतेक. त्या रात्री मला दादाचा राग यायचा बंद झाला. त्याच्या हातात काय होतं? तो थांबला असता तरी बाकीचे गेलेच असते. पण मी पार्टीला जायला हवं होतं, हेही कळलं.

सोमवारी उत्तर द्यायचंय. मी हो म्हणणार आहे, पण एक अट घालून: वर्षभर माझ्या टीममधला कोणी दुसऱ्या प्रोजेक्टला हलवायचा नाही. मिळेल की नाही माहिती नाही. नाही मिळाली तर आताच्या जागेवर राहीन. पर्ड्यू आणि व्हर्जिनियाकडून एवढंच शिकलोय की हरल्यावर पुन्हा एकत्र बसायला माणसं शिल्लक असावी लागतात. आणि दादाला फोन करायचाय, ते मात्र आजच करणार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. मार्च आला की एक ब्रॅकेट नक्की भरा. फक्त उंची बघून चॅम्पियन ठरवू नका.